परक्या भाषेतला 'नाही'

(भोकर येथील महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचं हे संपादित रूप आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. भाषणात जिची हकीकत आली आहे तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मैत्रिणींनो,

'परदेशात यंत्राशी बोलून जर्मन भाषा शिकताना' असा माझा विषय मेळाव्याच्या पत्रिकेत छापून आला, तेव्हा आपल्याच गटातल्या एका ताईंनी मला सरळ विचारलं, "भोकरच्या बाईला जर्मनचं काय करायचंय? इथं रेशनकार्डावर नाव चढवायला चार चकरा माराव्या लागतात, त्याचं बोला की." प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देऊनच पुढं जाते.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवायचं आणि त्याआधी त्यांना जर्मन शिकवायचं, असं त्यात ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारनं भारतातल्या कुशल कामगारांसाठी दर वर्षीचे व्हिसा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. यात परिचारिका आहेत, वायरमन आहेत, ड्रायव्हर आहेत. म्हणजे आपल्या घरांतली पोरं-पोरी आहेत. नांदेड-लातूरकडच्या नर्सिंग कॉलेजातली मुलगी आता मुंबई-पुण्याबरोबर जर्मनीचाही विचार करते. आणि जिथं पोरगा जातो तिथं वर्ष-दोन वर्षांनी त्याची बायको जाते. नर्स निदान नोकरीवर जाते, तिच्या हातात पगार असतो. बायको नवऱ्याच्या मागं जाते. मी अशीच मागं गेले होते, म्हणून हे बोलायला उभी आहे.

दुसरं असं, की परकी भाषा आपल्याला नवी नाही. भोकर हे सीमेवरचं गाव. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू-हिंदी आणि तांड्यावरची गोरमाटी अशा भाषा एका वेळी कानावर पडतात. हैदराबाद, निजामाबादकडं कामाला जाणाऱ्या बाया तेलुगू कुठल्या वर्गात शिकल्या? मुकादमाशी मजुरीवरून भांडता भांडता शिकल्या. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारदरबारी उर्दू होती. कागदावर काय लिहिलंय ते कळत नसलेल्या माणसाचा अंगठा त्या कागदावर उमटायचा. म्हणजे भाषा कळत नसली की काय होतं, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आज्यांना ते अंगठ्यानं माहीत आहे.

आता माझी हकीकत थोडक्यात सांगते. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं, काही वर्षं इथंच काम केलं. नवऱ्याला स्टुटगार्टजवळच्या एका गावात इंजिनिअरची नोकरी लागली आणि आम्ही तीन वर्षं तिकडं राहिलो. त्याच्याकडं 'ब्लू कार्ड' नावाचा परवाना होता. जर्मनीत २००७पासून असा नियम आहे, की बाहेरच्या देशातून जोडीदाराकडं येणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला आधी प्राथमिक जर्मन यावं लागतं, तशी परीक्षा द्यावी लागते. पण ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ही अट नाही. लोक म्हणाले, तुझी चांदी आहे, परीक्षा वाचली. मी विचार करत राहिले. परीक्षेची सक्ती गरीब बाईला नवऱ्यापासून वर्षभर तोडते, हे खरं आहे. पण सूट मिळते तेव्हा तिला भाषा येते का, हे कुणी विचारतच नाही. सक्ती असो की सूट, आपला जीव चालवायला तिला काय बोलता यायला हवं, हा प्रश्न दोन्हींत नाही.

तिथं गेल्यावर पहिले सहा महिने मी ज्यांच्याशी जर्मन बोलले त्यातला सगळ्यात मोठा वाटा एका यंत्राचा होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेला डबा, हाक मारली की बोलतो. असेच सहायक मोबाइलमध्येही असतात. २०११ साली अ‍ॅपलनं सिरी आणली तेव्हापासून तिला जर्मन येतं. गूगलच्या सहायकाला २०१८ साली मराठी यायला लागलं, आणि २०२४पासून त्यांच्या जेमिनीशीही मराठीत गप्पा मारता येतात. म्हणजे आता तुम्ही मराठीत विचारा, 'याला जर्मनमध्ये काय म्हणतात?', तो सांगतो. मग म्हणा, 'तू बेकरीवाली हो, मी गिऱ्हाईक होते', तो बेकरीवाली होतो. हे यंत्र आपला आवाज ऐकतं, त्याची अक्षरं करतं, माणसांनी लिहिलेल्या-बोललेल्या अफाट साठ्यावरून 'बहुधा हिला असं म्हणायचं असावं' असा अंदाज बांधतं आणि त्याप्रमाणं उत्तर देतं. जादू नाही, अंदाज आहे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

या सरावाचा मला फायदा झाला, तो आधी सांगते. यंत्र हसत नाही. मी शहरात शिकायला गेले तेव्हा वर्गात 'काय करायलीस?' म्हटलं की पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. एका शिक्षकांनी मला सर्वांदेखत सांगितलं होतं, की आधी मराठी सुधारा, मग समाज सुधारा. बाईच्या बोलण्यावर हसलं की बाई गप्प होते आणि ती गप्प झाली की तिला काही येत नाही असं ठरतं. हे मी आपल्या गटातही कितीदा पाहिलंय. यंत्रापुढं मी 'इश कोमे आउस भोकर', म्हणजे 'मी भोकरहून आले', असं म्हटलं. यंत्रानं मला पत्त्यांतल्या 'पोकर'चे नियम सांगायला सुरुवात केली. आपला 'भ' त्याला झेपत नव्हता. मी वीस वेळा म्हटलं, त्यानं वीस वेळा ऐकलं. वीस वेळा तेच बोलून न थकणारा शिक्षक मला आयुष्यात मिळाला नव्हता. रात्री अकराला, भांडी घासताना, हात ओले असताना शिकता येतं. बाळ मांडीवर असलेल्या बाईला ही छोटी गोष्ट नाही.

आणि मराठी बाईला जर्मन तितकं परकं नाही बरं का. हिंदीत लिंगं दोन. आपल्याकडं तीन: तो, ती, ते. जर्मनमध्येही तीनच: देर, दी, दास. त्यांचं मूल 'ते' आहे, आपलंही 'ते मूल'. त्यांची मुलगीसुद्धा व्याकरणात 'ते' आहे, 'दास मेडशेन'. आपणही लाडात किंवा रागात 'ते पोरगं' म्हणतोच. सूर्य मात्र त्यांच्याकडं बाई आहे आणि चंद्र बुवा! आपल्यासारखंच त्यांच्यात 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे. 'कारण मी आजारी आहे' हे जर्मनमध्ये 'वाइल इश क्रांक बिन'. शब्दाला शब्द लावून बघा, क्रमसुद्धा तोच. इंग्रजी येत नाही म्हणून जर्मन येणार नाही, ही समजूत आपल्या मुलींच्या डोक्यातून काढून टाकायला हवी.

आणखी एक गंमत. यंत्र बोलतं ती प्रमाण जर्मन. मी राहायचे त्या भागात लोक बोलतात श्वेबिश बोली. यंत्रानं पावाला 'ब्र्योटशेन' म्हणायला शिकवलं, बेकरीतली बाई 'वेकले' म्हणायची. त्या राज्य सरकारनं १९९९पासून वीसेक वर्षं स्वतःची जाहिरातच अशी केली, की आम्हाला सगळं काही येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. मोटारी बनवणारं श्रीमंत राज्य आपल्या बोलीचा असा मिरवून अभिमान सांगू शकतं. आमच्या मराठवाड्याच्या पोरीला मात्र आमच्याच राज्यात मान खाली घालावी लागते. फरक बोलीत नसतो. बोलणाऱ्याच्या खिशात असतो.

पण मैत्रिणींनो, यंत्राच्या या सोयीतच एक अडचण आहे. यंत्र आपल्याला सांभाळून घेतं. मी 'देर'च्या जागी 'दास' म्हटलं तरी त्यानं अंदाज केला आणि पुढं गेलं. बेकरीतल्या बाईनं 'वी बिटे?' म्हटलं, म्हणजे 'काय म्हणालात?'. त्या 'काय म्हणालात'मध्ये माणूस असतो. तिला कळलं नाही, तिला कळावं असं मला वाटलं, मी पुन्हा सांगितलं. माणसाशी बोलायची सवय अशी होते.

इथं मला 'ती फुलराणी' आठवते. पु. ल. देशपांड्यांचं नाटक, भक्ती बर्व्यांनी गाजवलेलं. फुलं विकणाऱ्या मंजुळेला एक पंडित शुद्ध बोलायला शिकवतो, तिच्या मनाचं काय ते त्याच्या ध्यानातही येत नाही. ते नाटक बेतलं आहे बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वर. त्यातल्या नायिकेचं नाव एलायझा. आता पाहा योगायोग. माणसाशी लेखी गप्पा मारणारा जो पहिला गाजलेला संगणक-कार्यक्रम, त्याचं नावही या फुलवालीवरूनच 'एलायझा' ठेवलं. १९६६ साली अमेरिकेत तो बनवला जोसेफ वायझेनबाउम यांनी. ते बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू, मुलगा असतानाच १९३६ साली कुटुंबाबरोबर जर्मनी सोडावी लागलेले. त्यांनी पुढं लिहून ठेवलं, की त्यांची सेक्रेटरी हा कार्यक्रम तयार होताना पाहत होती, तो नुसता कार्यक्रम आहे हे तिला ठाऊक होतं. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलल्यावर तिनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला खासगी बोलायचं होतं. वायझेनबाउम यानं हादरले आणि पुढं आयुष्यभर यंत्रावर असा भरवसा टाकण्याविरुद्ध सावध करत राहिले. मला मात्र त्या बाईबद्दल विचारावंसं वाटतं, की तिचं ऐकणारं तिथं दुसरं कोण होतं? बाई यंत्राजवळ मन मोकळं करते तेव्हा तिला खुळी ठरवू नका. आजूबाजूला किती कान बंद आहेत ते मोजा.

आता जिच्यासाठी हे भाषण केलं, तिच्याकडं येते. जर्मनचा वर्ग लावल्यावर तिथं मला आपल्याच भागातली एक मुलगी भेटली. लग्नाला दीड वर्ष झालेलं. गर्भ एकदा पडलेला. डॉक्टरकडं नवरा बरोबर असायचा आणि तोच दुभाषी. डॉक्टरांनी दहा वाक्यं बोलावीत, यानं हिला एक सांगावं, 'सगळं ठीक आहे म्हणतायत.' हिनं सांगावं, त्यानं निम्मं गाळावं. अंगावरचे डाग कशाचे, ते तर त्याच्याच तोंडून सांगायचे! तिकडं दवाखान्यातल्या दुभाष्याचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, त्यामुळं नवरा नाहीतर शाळेत जाणारं पोरच दुभाषी होतं. तिनं ठरवलं, एक वाक्य शिकायचं: 'मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय.' तो कामावर गेला की ती घरातल्या यंत्रापुढं हे वाक्य घोकायची.

यंत्राचं खातं नवऱ्याच्या नावावर होतं. अशा यंत्राशी जे बोलतो त्याची नोंद राहते आणि ज्याच्या मोबाइलवर खातं आहे त्याला ती उघडून वाचता येते, ऐकताही येते. एका संध्याकाळी घरी मित्र आलेले असताना त्यानं ती यादी सगळ्यांना वाचून दाखवली. "बघा, आमच्या मॅडम काय शिकायल्यात." सगळे हसले. पाहुणे गेल्यावर काय झालं ते मी इथं सांगत नाही, तुम्हाला कळलंय.

यात यंत्राचा दोष काढून आपण मोकळ्या होऊ नये. मारणारा हात यंत्राचा नव्हता. पण आपण चार भिंतींत एकट्या आहोत असं तिला वाटत होतं आणि ती एकटी नव्हती, एवढं खरं. या कंपन्यांचं ऐकणंही लहान नाही. २०१९ साली उघड झालं, की यंत्राला सुधारण्यासाठी लोकांच्या बोलण्याचे काही तुकडे कंपन्यांनी नेमलेली माणसं ऐकत होती. त्यावर जर्मनीतल्याच हाम्बुर्गच्या माहिती-संरक्षण कार्यालयानं गूगलविरुद्ध कारवाई सुरू केली आणि कंपन्यांना ते ऐकणं काही काळ थांबवावं लागलं. कंपनीला जाब विचारायला तिथं निदान एक कार्यालय होतं. घरातल्या माणसाला जाब विचारायला त्या मुलीकडं कोण होतं?

वर्ग होता. वर्गात तुर्की बाई होती, सीरियाची होती, युक्रेनची होती. आमच्या शिक्षिकेनं ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांकडून म्हणून घेतलं, तिच्या एकटीकडून नाही. मग जोड्या लावल्या. एक डॉक्टर, एक रोगी, एक नवरा. नवरा झालेल्या बाईनं हट्टानं म्हणायचं, 'मी हिचा नवरा आहे, मी सांगतो.' रोगी झालेलीनं पुन्हा म्हणायचं, 'मला एकटीनं बोलायचंय.' आवाज चढला तरी म्हणायचं. मैत्रिणींनो, यंत्रात आणि वर्गात हा फरक आहे. यंत्र आपल्या 'नाही'वर कधी रागावत नाही. म्हणून यंत्रापुढं 'नाही'चा उच्चार शिकता येतो, 'नाही' शिकता येत नाही. समोरचा रागावला तरी आपलं वाक्य तोंडातून निसटू द्यायचं नाही, हे शिकायला रागावू शकणारं माणूस समोर लागतं आणि पाठीशी बायका लागतात.

तिनं ते वाक्य दवाखान्यात म्हटलं. डॉक्टर बाईंनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. डॉक्टरांवर तिथं रोग्याची गुप्तता पाळण्याचं कायद्याचं बंधन आहे. पुढं तिनं ११६ ०१६ हा क्रमांक फिरवला. स्त्रियांवरच्या हिंसेसाठी २०१३पासून चालणारा हा देशव्यापी मोफत टेलिफोन आहे, चोवीस तास. तिथं अठरा परदेशी भाषांत बोलण्याची सोय आहे. इंग्रजी आहे, तुर्की आहे, अरबी आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. ती आपल्या मोडक्या जर्मनमध्ये बोलली. ती लगेच घर सोडून निघाली नाही. तुम्ही टाळ्या वाजवाल असा शेवट माझ्याकडं नाही. तिनं पासपोर्ट आपल्या ताब्यात घेतला, स्वतःच्या नावानं बँकेत खातं काढलं आणि कायदा काय आहे ते समजून घेतलं.

तो कायदा तुम्हीही समजून घ्या. जर्मनीत नवऱ्याच्या आधारानं राहणाऱ्या बायकोला स्वतःचा स्वतंत्र राहण्याचा हक्क मिळायला तिथं एकत्र संसाराची तीन वर्षं पुरी व्हावी लागतात. आधी ती दोन होती, २०११ साली तीन केली. त्याआधी नवऱ्याला सोडलं तर परवाना जाईल, ही भीती खरी असते आणि मारणारे तिचाच धाक घालतात. पण त्याच कलमात अपवाद आहे. घरात हिंसा होत असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते. 'मला सोडलंस तर उद्या तुला विमानात बसवतील' हे वाक्य म्हणूनच पुरं खरं नाही. पण हे तिला कुठल्या भाषेत कोण सांगणार?

तिकडं सगळं आलबेल आहे असंही समजू नका. पश्चिम जर्मनीत १९७७पर्यंत कायदाच असा होता, की बायकोनं नोकरी करायची ती संसाराच्या कर्तव्यांच्या आड येत नसेल तरच. लग्नातला बलात्कार तिथं गुन्हा ठरला तो १९९७ साली, तिथल्या बायकांच्या कितीतरी वर्षांच्या लढ्यानंतर. आपल्याकडं तो भारतीय न्याय संहितेच्या ६३व्या कलमात अजून अपवाद म्हणून शिल्लक आहे. हक्क कुठल्याच भाषेत आपोआप आलेले नाहीत.

यंत्राचा आवाज बाईचा का असतो, यावरही आपण बोललं पाहिजे. युनेस्कोनं २०१९ साली एक अहवाल काढला, त्याला जर्मन सरकारचंही साह्य होतं. त्यात हाच मुद्दा होता, की हे सहायक बहुतेक ठिकाणी बाईच्या आवाजात आणि बाईच्या नावानं आणले गेले. हुकूम करा, ती ऐकणार. शिवी द्या, ती लाडिक उत्तर देणार. शिवीवरची ती उत्तरं टीका झाल्यावर बदलली गेली, आणि आता बऱ्याच यंत्रांत आवाज निवडता येतो. पण घरातलं लहान पोर रोज ऐकतं, की बाईच्या आवाजाला 'कृपया' म्हणावं लागत नाही आणि तो आवाज कधी 'नाही' म्हणत नाही. अशा आवाजाकडून आपल्या मुली भाषा शिकणार असतील, तर त्यांना 'नाही' दुसरीकडून शिकवायची सोय आपण केली पाहिजे.

आणि अशी 'नाही' म्हणणारी मराठी बाई जर्मन भाषेत होऊन गेली आहे. इरावती कर्वे. त्या सुनबाई महर्षी कर्व्यांच्या. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांचाही त्यांच्या परदेशी जाण्याला विरोध होता. तरी त्या १९२०च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे, पुढं नाझींच्या वंशधोरणाला साथ देणारे. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, तर गोऱ्यांची कवटी जास्त विषम आणि म्हणून बुद्धी सरस, अशी त्यांची धारणा. ती तपासायचं काम इरावतीबाईंकडं आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं, की वंशाप्रमाणं असा फरक दिसत नाही. १९३० साली डॉक्टरेट घेतली. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हातात आपली पदवी आहे त्या गुरूला पुराव्यानिशी 'नाही' म्हणणं! आपण त्यांना 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. भाषा शिकायची ती कशासाठी, हे सांगायला मला त्यांची ही गोष्ट जास्त जवळची वाटते.

तेव्हा आता काय करायचं ते बोलते. जर्मन शिकवणारे सरकारी-खासगी वर्ग निघतील, ते नोकरीपुरती भाषा शिकवतील: इंजेक्शन, औषध, पाना, वायर. ते हवंच. तिकडं गेल्यावर सरकारी एकात्मता वर्ग असतात. २००५पासून चालू झालेल्या या वर्गांत साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास कायदा, इतिहास, समाज शिकवतात. तेही हवेत. बायको म्हणून जाणारीनं तिथल्या वर्गात नाव घालण्याचा हट्ट जाण्याआधीच धरावा, लग्नाच्या बोलणीतच धरावा. पण जाण्याआधीचं काम आपलं आहे.

एक. जाणाऱ्या प्रत्येक मुलीला तीन वाक्यं पाठ पाहिजेत. 'इश म्योष्टे आलाइन मिट इनेन श्प्रेशन': मला तुमच्याशी एकटीनं बोलायचंय. 'इश ब्राउखे आइने डोल्मेचरिन': मला दुभाषी बाई हवी. 'दास उंटरश्राइबे इश हॉयटे निश्ट': यावर मी आज सही करणार नाही. आपल्या आज्यांच्या अंगठ्याला हे तिसरं उत्तर आहे.

दोन. यंत्राशी खुशाल बोला, पण खातं आपल्या नावावर, आपल्या मोबाइलवर, आपल्या कुलपात. जे कुणी वाचू नये ते यंत्राजवळ बोलू नका.

तीन. पासपोर्ट आपल्याजवळ. तो नवऱ्याचा नाही, सासूचा नाही. कायद्यानं तो भारत सरकारच्या मालकीचा असतो आणि आपल्या ताब्यात राहायला हवा. लग्नाच्या दाखल्याची एक प्रत माहेरी ठेवा.

चार. क्रमांक पाठ करा. तिकडं ११६ ०१६, पोलिसांसाठी ११०. इथं १८१. परदेशी नवऱ्यानं टाकलेल्या, फसवलेल्या बायकांच्या तक्रारी २००९पासून राष्ट्रीय महिला आयोगाचा खास कक्ष घेतो. दूतावासात अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे, त्यातून कायद्याची मदतही मिळू शकते. माहेरच्यांनी 'जमवून घे' म्हणण्याआधी या दारांवर थाप मारावी.

पाच. सराव जोडीनं करायचा. आपल्या गटाची बैठक असते त्या दिवशी अर्धा तास काढू. जर्मन येत नसलं तरी चालेल. वाक्य मराठीतच घ्या. एकीनं डॉक्टर व्हायचं, एकीनं नवरा व्हायचं, एकीनं म्हणायचं, 'मला एकटीनं बोलायचंय.' जिला ते भोकरच्या सरकारी दवाखान्यात म्हणता येईल, तिला ते स्टुटगार्टमध्येही म्हणता येईल. आणि जिला कुठंच जायचं नाही, तिलाही ते इथं लागणारच आहे.

ज्यांच्या घरातली मुलगी किंवा सून परदेशी निघाली आहे, त्यांनी जेवणानंतर थांबून माझ्याकडं नाव द्यावं. तिकडं वर्ग कुठं शोधायचे, कुणाला फोन करायचा, हे मी बसून लिहून देईन, मराठीत आणि जर्मनमध्ये. आणि ज्या ताईंनी रेशनकार्डाचं बोला म्हणून सांगितलं होतं, त्यांनी नक्की थांबा. उद्या तहसीलमध्ये जायचं आहे. तिथंही हेच वाक्य लागणार आहे: वाचल्याशिवाय सही नाही.